गुंडावरची तीन अक्षरे

पोळ्यानंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी, अड्याळ येथील माझ्या घरातून एक पितळी गुंड बाहेर गेला. जबाबदार : मोटारसायकलला स्टीलची पातेली लटकवून गावोगाव फिरणारा एक फेरीवाला, आणि मी. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नागपूरच्या एका पोलीस ठाण्यात माझा अर्ज दाखल झाला आणि त्याचा भलताच अर्थ लावण्यात आला. जबाबदार : तो अर्ज वाचणारे साहेब, आणि पुन्हा मी. घटस्थापना व दसरा यांच्या मधल्या कोणत्या तरी दिवशी त्या गुंडाच्या बुडाला भोक पाडण्यात आले आणि त्याच्या मानेवरची तीन अक्षरे घासून काढण्यात आली. जबाबदार : नागपुरातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचे मालक. येथे मात्र मी नाही.

आमच्या भंडारा भागात पाणी भरण्याच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात. हे मी आताच स्पष्ट करून ठेवतो, कारण एकदा ते न केल्याची शिक्षा माझी पत्नी भोगते आहे.

मी न्यायालयात लिपिक होतो. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या फिर्यादी, कैफियती, शपथपत्रे क्रमाने लावली. स्वतःच्या घरातला खटला मला क्रमाने लावता येत नाही, याची लाज वाटते. तरी प्रयत्न करतो.

हा गुंड माझ्या पत्नीला तिच्या वडिलांनी लग्नात दिला. त्या काळी तिच्या माहेरी, आसगावात, भांड्यांवर नावे टाकणारा एक माणूस येत असे. मांडी घालून बसे, भांडे दोन्ही पायांत धरी आणि छिन्नीच्या टोकाने ठिपक्याठिपक्याने अक्षर उठवी. त्याने गुंडाच्या मानेवर तिचे तीन अक्षरी नाव टोचले. मधले अक्षर वाकडे गेले होते. सासरेबुवा त्याच्यावर ओरडल्याचे ती हसून सांगत असे.

ती शाळेत गेलेली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने मला विचारले होते, "याच्यातलं कोनतं अक्षर कोनतं हाय, मले सांगा ना." मी कचेरीचे कागद घेऊन बसलो होतो. मी म्हणालो, "तिन्ही मिळून तुझं नाव आहे, एवढं समजलं तरी पुरे." तिने तेवढ्यावर भागवले. अंगठा फिरवून तिने ती तिन्ही अक्षरे पाठ केली. विहिरीवर पंधरा गुंड रांगेत असले तरी ती न पाहता मानेला हात लावून आपला उचलत असे. घरी नळ आल्यावरही पिण्याचे पाणी त्यातच राहिले. पाणी घेण्यापूर्वी अंगठा त्या वाकड्या अक्षरावरून एकदा फिरायचा. आम्हाला कोणालाच त्यात विशेष काही वाटले नाही.

गेली दोन वर्षे ती विसरते आहे. प्रथम वार गेले, मग नातलग. श्रावणात पाय मोडून ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली आणि पोळ्यानंतरही तिथेच होती, तेव्हा तिच्यासाठी खाट टाकायची म्हणून मी भांड्यांची फळी काढली. नेमका तो फेरीवाला दारात उभा राहिला.

"बाबूजी, हे पितळ घासाले मानूस कोठी हाय आता? नळाची टाकी घ्या स्टीलची. बाईनं पडल्या पडल्या कप लावला का पानी. कायले तकलीफ देता तिले?"

मला ते पटले. तिच्या भल्याचेच वाटले. सात पितळी भांडी गेली, नळाची टाकी आली.

ती घरी आली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "पानी द्या." मी कप भरला. तिने कपाकडे पाहिले, टाकीकडे पाहिले.

"माहा गुंड कोठी हाय?"

"अवं, हे नवीन आहे. पी."

"लोकायच्या घरचं पानी मी नाई पेत."

त्या दिवसापासून ती हे घर लोकांचे समजते. शेजारणीचा गुंड आणून ठेवला. तिने मानेवरून अंगठा फिरवला आणि तोंड भिंतीकडे केले. मी रोज चमच्याने पाणी घालतो. निम्मे गळपट्टीवर सांडते. डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावले आणि मला बाहेर बोलावून सांगितले, "पाणी तोंडाने गेलं पाहिजे. असं फार दिवस नाही चालणार." मी तारीख मागितली. ते म्हणाले, "अशी तारीख नसते, काका."

पुढच्या आठवड्यात तो फेरीवाला फिरून आला, तेव्हा मी त्याच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली.

"तो त गेला बाबूजी नागपूरले. जुन्या बाजारातल्या शेठकडे. तुमचाच नाई, पूरा पोता गेला. चावी त द्या!"

माझी मुलगी नागपुरात शिक्षिका आहे. रविवारी तिच्यासोबत मी जुन्या बाजारात गेलो. हौसेने येणारी मंडळी तिथे बरीच होती. एक जोडपे जुना टेलिफोन कानाला लावून एकमेकांचे फोटो काढत होते. जमिनीवर ताडपत्र्या पसरून सगळे मांडलेले : मिक्सरची भांडी, एकाच पायाचे बूट, चष्म्यांच्या काड्या, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम, त्यात नवरानवरी तशीच. पितळेचे ढीग तर कमरेइतके. मी खाली बसलो आणि एकेक भांडे उलटून मान वाचू लागलो. प्रत्येकावर नाव होते. मुलीकडून आईस. मामाकडून भाचीस. अमक्याच्या स्मरणार्थ. एवढी नावे मी मतदार यादीतही एका बैठकीत वाचली नव्हती. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, उठा आता, हात काळे झाले." मी उठलो नाही. दोन वाजेपर्यंत सगळा ढीग वाचून झाला, आणि ती तीन अक्षरे त्यात नव्हती.

शेठ स्टुलावर बसून हे सर्व पाहत होता.

"काका, चांगले पीस थांबत नाहीत इथे. फॅन्सी दुकानवाले येतात, गाडी भरून नेतात."

"कोणते दुकान?"

"पार्टीचं नाव नाही सांगत. धंदा आहे."

"ते माझ्या पत्नीचे स्त्रीधन आहे. मला ते देण्याचा अधिकार नव्हता. ज्याला अधिकार नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी तुम्हालाही मिळत नाही."

"मग तुम्ही दिलं कशाला?"

शेठच्या तोंडून नाव काढायचे, तर पोलिसांकडे जाणे भाग होते. त्या रात्री मुलीच्या घरी बसून मी अर्ज लिहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, घागर लिहा." मी ऐकले नाही. वस्तूचे जे नाव घरात आहे तेच कागदावर यावे, हा माझा नोकरीभरचा आग्रह. दुसऱ्या दिवशी अर्ज आवक खिडकीवर दिला, शिक्का घेतला आणि पत्नीकडे अड्याळला परतलो.

अर्जातील मजकूर, माझ्या प्रतीवरून : "माझ्या पत्नीचा गुंड आपल्या हद्दीतील सदर व्यापाऱ्याने परस्पर अन्यत्र पाठविला आहे. माझी पत्नी सदर गुंडावाचून पाणीही घेत नाही. गुंडाच्या मानेवर तिचे नाव टोचलेले असून पोटावर डाव्या बाजूस पोचा आहे. त्याचा तात्काळ शोध घेऊन त्यास तिच्या हवाली करावे."

साहेब नुकतेच साताऱ्याकडून बदलून आलेले. अर्ज त्यांनी गुन्हेगारांच्या माहितीत लावला. दोन शिपाई जुन्या बाजारात गेले आणि शेठला विचारते झाले, मानेवर बाईचे नाव गोंदलेला गुंड तू कुठे लपवला आहेस? शेठने शटर ओढले आणि तो गावी निघून गेला. मला हे काहीच ठाऊक नव्हते. मी शिक्क्याच्या भरवशावर अड्याळात चमचे मोजत होतो. अकराव्या दिवशी ठाण्यातून बोलावणे आले.

साहेब अदबीने बोलले. खुर्ची दिली, दार लोटून घेतले.

"आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. बाईंचं वय काय?"

"बहात्तर."

"आणि त्याचं?"

"कोणाचं?"

"त्या गुंडाचं."

"चोपन्न वर्षांचा आहे. लग्नातला."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे तुमच्या लग्नापासून आहे हे प्रकरण?"

"तिच्या वडिलांनीच दिला."

दाराशी उभा असलेला शिपाई साकोलीकडचा होता. त्याला आधी उमगले. तो भिंतीला टेकून इतका हसला की टोपी पडली. "साहेब, घागर हाय ते! आमच्याकडं गुंड म्हंतेत घागरीले!" साहेबही हसले. मुलगी बाहेर बाकावर होती. तिला सांगितले तर तीही हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी दोन्ही केले नाही. मी अकरा दिवस मोजत होतो. मुलीचे ऐकून "घागर" हा एक शब्द लिहिला असता, तर ते अकरा दिवस माझ्या पत्नीच्या पदरात पडले असते.

साहेबांनी चूक मान्य केली, शेठला फोन लावला आणि दोन मिनिटांत दुकान कळले. त्यांच्याविरुद्धची माझी तक्रार मी त्या दोन मिनिटांपुरती कमी करतो.

ते दुकान म्हणजे काचेचे दार, आत गारवा आणि उदबत्तीचा वास. जुन्या बाजारात जे ताडपत्रीवर पडले होते, तेच येथे दिव्याखाली मांडलेले. धान मोजण्याची पायली, तिच्यात वाळके गवत. कोणाच्या तरी घराची चौकट, तिच्यात आरसा. जात्याच्या तळीवर चहाचे कप. गुंड कोपऱ्यात होता. त्याच्या तोंडावर तागाचे टोपडे, आत बल्ब, बुडातून वायर. पोचा डाव्या बाजूला जसाच्या तसा. मान गुळगुळीत.

मी मानेवरून अंगठा फिरवला. अंगठा घसरला.

काउंटरवरची मुलगी लगबगीने आली. "अंकल, लॅम्प आवडला का? कालच आला वर्कशॉपमधून."

"याच्यावर नाव होते."

"स्क्रॅचेस होते ना, ते बफिंग करून काढले. सरांनीच सांगितलं."

"मग पोचा का नाही काढला?"

"पोचा ठेवलाय मुद्दाम. त्याने कॅरेक्टर येतं, जुनं वाटतं."

माझी मुलगी काहीतरी बोलू लागली. मी तिला थांबवले. मागितलेली किंमत दिली आणि पावती घेतली. पावतीवर "शोभेचा दिवा, एक नग" असे लिहिले आहे. ती मी जपून ठेवली आहे. पुराव्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे, हे मला समजते.

भोक बुजवणारा माणूस भंडाऱ्यात सापडला. त्याने डाग दिला, गुंड पाण्याने भरून सबंध दुपार ठेवला. थेंब गळला नाही. मी तो पत्नीच्या खाटेशी नेला. तिने उजवा हात काढला, मानेवर ठेवला. अंगठा पूर्ण वळसा घालून आला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

"हा माहा नोहे."

"तुझाच आहे. पोचा पाहा."

"मंग माहं नाव कोठी हाय?"

मी गुंड परत भंडाऱ्याला नेला. तिथे आता यंत्राने नावे टाकतात. छापल्यासारखी सरळ, तिन्ही अक्षरे निर्दोष. तिने हात लावला आणि ओढून घेतला. "कोनं टाकलं हे? काहून माही मस्करी करून राह्यले तुमी?" चोपन्न वर्षांत ती माझ्यावर अशी चिडली नव्हती. त्या दिवशी चमचाही तिने तोंडात घेऊ दिला नाही.

यंत्रवाल्याचे वडील अजून हातात छिन्नी धरतात. ते म्हणाले, यंत्राची अक्षरे मी घासून देतो, नमुना आणा. जसे होते तसे ठिपक्याला ठिपका लावून देतो. माझ्याजवळ नमुना नाही. लग्नाच्या एकुलत्या एका छायाचित्रात गुंड आहे, पण त्याची मान तिच्या पदराआड आहे. ते वाकडे अक्षर नेमके कुठे वळत होते, हे मी काढून दाखवू शकलो नाही. चोपन्न वर्षे त्याच गुंडाचे पाणी प्यालो, आणि एकदाही नीट पाहिले नाही.

माझ्या मुलीने दुकानात फोन केला. काउंटरवरच्या मुलीने सहज सांगितले की बफिंगच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढतात, आधी-नंतर दाखवायला. तो सरांच्या मोबाईलमध्ये असतो. त्यावर मी मालकांना तीन पत्रे लिहिली, तिन्ही पोचपावतीसह. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला मुलीच्या मोबाईलवर उत्तर आले की विकलेला माल सात दिवसांत बदलून मिळेल. तिसरे पत्र न उघडता परत आले, म्हणून हे चौथे सर्वांना वाचता येईल असे उघडे लिहीत आहे.

आज सकाळी तिने पाच चमचे पाणी घेतले. काल सात घेतले होते.

सबब, दुकानाचे मालक, मी आपणावर दावा लावत नाही. दाव्याला वेळ लागतो आणि तो माझ्या पत्नीजवळ नाही. भरपाई मागत नाही, माफीही नको. ती तीन अक्षरे घासण्यापूर्वीचा फोटो आपल्याजवळ आहे की नाही? असल्यास तो माझ्या मुलीच्या मोबाईलवर आजच्या आज पाठवा. नसल्यास, किंवा आपण तो पुसून टाकला असल्यास, तसे आपल्या काचेच्या दारावर स्वतःच्या सहीनिशी लिहून लावा, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात. आपले उत्तर मला चारचौघांत हवे आहे.