टपावर न पोचणारा हात

"भाऊ, आता तुम्हीच सांगा ह्यांना, गाडी कशानं खराब झाली ते."

अमोल आपल्या वडिलांकडे बोट दाखवून बोलत होता. वडील माझ्या दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. बोरी बुद्रुकचे द्राक्षबागाईतदार, सत्तरी ओलांडलेली, उंची बेताची. मांडीवर जुन्या धोतराचं फडकं, नीट घडी घातलेलं. मला रामराम करताना त्यांनी डावा हात वर केला. "उजवा वर जात न्हाई. बागेत शिडीवरनं पडलो व्हतो," असं आपणहूनच सांगितलं.

गाडी बाहेर उन्हात उभी होती. काळी एसयूव्ही, दसऱ्याला घेतलेली. जेमतेम पाच महिने झाले होते. आणि बॉनेटवर, दारांवर, सगळीकडे बारीक रेघा. सावलीत दिसत नव्हत्या, पण उन्हात कोळ्याचं जाळं पसरल्यासारख्या चमकत होत्या.

"शोरूमला जाऊन आलो," अमोल म्हणाला. तो पुण्यात कंपनीत आहे, शनिवारी गावी येतो. "ते म्हणतात, कोटिंग आम्ही केलं होतं, तुम्ही रोज कोरडं फडकं मारून घालवलं. आणि ह्यांनी मारलंय ना रोज! उठलं की चहाच्या आधी गाडी. परवा बहिणीच्या साखरपुड्याला गाडी नेली, तर पाहुणे विचारतात, सेकंडहँड घेतली का? मी तिथंच ह्यांना सांगितलं, आजपासून गाडीला हात लावायचा नाही."

तिथंच म्हणजे चारचौघांत, व्याह्यांसमोर. नाना खाली बघत म्हणाले, "शोरूममधल्या पोरीनं सांगितलं व्हतं. कोटिंग केलंया, नाना, नुसतं फडकं मारा, आरशावानी ऱ्हाईल."

"ती पोरगी गाडी विकायला बसली होती, नाना."

माझं दुकान वारूळवाडीत हायवेला लागून आहे. बोर्डावर 'कार डिटेलिंग' लिहिलंय. तरी पहिल्या महिन्यात एकाने ट्रॅक्टर धुवायला आणला होता आणि दुसऱ्याने घरचा कूलर. म्हणून आधी धंदा सांगतो. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. दुधावरच्या सायीसारखा. चमक त्याचीच असते, रंगाची नसते. तो केसापेक्षाही पातळ असतो आणि एकदा घासून गेला की परत येत नाही. तो सांभाळणं, त्यावर पडलेल्या रेघा अगदी कमीत कमी घासून काढणं आणि वर सिरॅमिकचा कडक थर चढवणं, एवढंच माझं काम. नीट करायचं तर तीन दिवस लागतात.

शोरूममध्ये डिलिव्हरीच्या वेळी जी ट्रीटमेंट देतात, ती बऱ्याच ठिकाणी पाऊण तासात उरकतात. यार्डात उन्हापावसात उभ्या राहिलेल्या गाडीवर पाण्याचे डाग पडलेले असतात. त्यावर लोकरीचं पॅड लावलेलं मशिन फुल स्पीडवर फिरवायचं. डाग जातात, पण मशिनच्या कमानीसारख्या रेघा उठतात. आम्ही त्यांना होलोग्राम म्हणतो. मग त्या रेघांत चकचकीत मेण भरायचं आणि वर गुळगुळीत कार्ड द्यायचं, तीन वर्षांची वॉरंटी. भेगा पडलेली भिंत सारवून घ्यावी, तसलाच प्रकार. चारआठ धुण्यांत मेण निघून जातं आणि रेघा वर येतात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

हे सगळं मी एवढं ठामपणे कसं सांगतो? कारण अकरा वर्षं मी शोरूममध्ये हेच काम केलं.

गाडी आत घेतली. आधी दारावर पाणी मारलं. कोटिंग असेल तर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात. इथे पाणी पत्रावळीवरच्या आमटीसारखं पसरलं. कोटिंगचा पत्ताच नव्हता. मग टॉर्च घेऊन रेघा बघितल्या. दोन जातींच्या होत्या. एक बारीक, सरळ, मागे-पुढे हात फिरवल्यासारख्या. त्या नानांच्या फडक्याच्या, पण वरवरच्या. दुसऱ्या जाड, कमानीसारख्या, एकात एक अडकलेल्या. त्या मशिनच्या. गाडीचं रूप त्यांनी घालवलं होतं.

अमोलने मोबाईल काढला. "मी व्हिडिओ घेतो, तुम्ही बोला. शोरूमची चूक असली तर तसं सांगा, मी त्यांना सोडणार नाही. नानांची असली तर तसं सांगा."

माणूस सरळ होता. मी म्हणालो, "थांबा, आधी टप बघतो."

स्टुलावर चढलो. टपाच्या अगदी मधोमध टॉर्च मारला. तिथे सरळ रेघ एकही नव्हती. नुसत्या कमानी, आणि बॉनेटवरच्यापेक्षा दाट. एवढ्या उंच गाडीच्या टपावर मधोमध पोचायला मला स्टूल लागलं. नानांची उंची पाच फूट आणि एक खांदा धरलेला.

"मधी बी हायेत का, भाऊ?" खालून नानांनी विचारलं.

"आहेत."

"बरं," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात अमोलने वॉरंटी कार्ड वर केलं. "हे बघा, ह्यावर तारीख आहे, काम करणाऱ्याची सहीपण आहे. वाचता येत नाही, पण आहे."

मला वाचता आली. माझीच होती.

त्या दसऱ्याची सकाळ मला लख्ख आठवते. सतरा गाड्या रांगेत, प्रत्येकीला झेंडूचा हार तयार, कस्टमर पेढ्यांचे बॉक्स घेऊन काचेपलीकडे. आमची बे, म्हणजे गाड्या चमकवायची जागा, मागच्या बाजूला, तिथे कस्टमरला येऊ देत नसत. मॅनेजर दर दहा मिनिटांनी आत डोकावत होते.

"सुरेश, काळी गाडी काढ. बारा दहाचा मुहूर्त आहे."

"साहेब, अंगभर पाण्याचे डाग आहेत. काळा रंग आहे, घाई केली तर उन्हात सगळं दिसेल."

"आज दिसणार आहे का?"

"आज नाही."

"मग चमक काढ आणि सही कर. मुहूर्त चुकला तर तो माणूस माझ्या डोक्यावर बसेल."

मी चमक काढली आणि सही केली. कोटिंगची बाटली उघडलीसुद्धा नाही, कारण ती लावायला वेळच नव्हता. त्या दिवशी काचेपलीकडच्या गर्दीत नाना असतील. मी बघितलं नाही.

पुढे दोन महिन्यांनी नोकरी सोडली. गिऱ्हाईकांना सांगतो की असल्या कामाचा वीट आला म्हणून सोडली. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की शोरूमने ते काम ठेकेदाराला दिलं आणि मला दुसऱ्या खात्यात टाकत होते. दुकान काढलं तेव्हा मोठ्या रुबाबात बोर्डावर लिहून घेतलं, 'शोरूममध्ये होत नाही ते काम'. तो बोर्ड मी स्टुलावर उभा होतो तिथून उलटा दिसत होता.

खाली उतरलो. उतरायला तीन सेकंद लागले असतील. तेवढ्यात सगळा हिशेब डोक्यात झाला. मशिनच्या रेघा म्हणालो की अमोल विचारणार, कुणाच्या मशिनच्या? शोरूमला व्हिडिओ दाखवणार. शोरूमवाले सही दाखवून माझं नाव सांगणार. शेजारच्या नारायणगावात संध्याकाळपर्यंत दुकानाचं नाव खराब होणार.

"काय, भाऊ? वरपण?" अमोलने मोबाईल माझ्यासमोर धरला.

"वरपण आहेत. कोरड्या फडक्याने रेघा पडतात."

हे वाक्य खोटं नाही. कोरड्या फडक्याने रेघा पडतातच. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज निघालं.

अमोल वडिलांकडे वळला. "ऐकलं? टपसुद्धा सोडला नाही तुम्ही!"

तो इंजिनिअर माणूस. टप किती उंच आणि बाप किती उंच, एवढं गणित त्याला येत होतं. पण रागात कोण मापं घेतो? मला मात्र राग आलेला नव्हता. मी मापं घेतली होती आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो. नाना अजून माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं, आणखी एक घडी घातली आणि कोपरीच्या खिशात ठेवलं.

ते गेल्यावर मी जुन्या मॅनेजरना फोन लावला. का लावला, कोण जाणे. बहुतेक दुसऱ्या कुणाला तरी दोष द्यायचा होता.

"साहेब, ती बोरीची काळी गाडी. तिला कोटिंग केलंच नव्हतं आपण."

"कार्डावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग? तुझ्याच दुकानात आली ना? कर की नीट. तुलाही काम मिळालं, आम्हालाही कटकट नाही."

मी काम जीव ओतून केलं. मऊ फोमचं पॅड, हळू मशिन, एकेक फूट जागा. टपाला एक अख्खा दिवस दिला. मग कोटिंग, मग बंद खोलीत गाडी एक दिवस वाळवली. चौथ्या दिवशी गाडी बाहेर काढली तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. अमोल खूश झाला. नाना गाडीजवळ आले, दाराकडे हात नेला.

"नाना!"

हात मागे गेला. अमोल रागावून नाही बोलला, सवयीने बोलला. ते जास्त वाईट वाटलं. मी मायक्रोफायबरची दोन फडकी दिली आणि म्हणालो, "ह्याने पुसलं तर चालतं, आधी पाणी मारायचं." अमोलने ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली. "नाही हो, ह्यांना काही देऊ नका. गाडी आता पुण्यालाच ठेवतो, सोसायटीत पार्किंग आहे."

त्यानंतर मी नीट झोपलो असं म्हणणार नाही, आणि अगदीच झोपलो नाही असंही नाही. धंदा चालू होता. नव्या गाड्या येत होत्या. पण स्टुलावर चढलो की प्रत्येक वेळी खालून कुणीतरी विचारल्यासारखं वाटायचं. मधी बी हायेत का, भाऊ? शेवटी पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी मोटारसायकल काढली आणि बोरीला गेलो.

नाना अंगणात ट्रॅक्टर पुसत होते. तेच फडकं. ट्रॅक्टर पंधरा वर्षांचा तरी असेल, पण त्याच्या बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. मला ओळखलं, आत बघून चहा टाकायला सांगितलं.

मी चहा यायच्या आत सगळं सांगितलं. मशिन, मेण, मुहूर्त, सही. टपावर त्यांचा हात पोचत नाही हे मला स्टुलावरच कळलं होतं, हेही सांगितलं. नाना ऐकत पुसत राहिले. ट्रॅक्टरचा एक दिवा पुसून झाला, दुसऱ्याकडे गेले.

"मी अमोलला फोन करतो," मी म्हणालो. "तुमची चूक नव्हती हे त्याला सांगतो."

"माझी न्हाई ते मला तवाच म्हाईत व्हतं की," नाना म्हणाले. "टपावर माझा हात कुटं पोचतुया?"

"मग तुम्ही का नाही बोललात, नाना?"

त्यांनी फडकं झटकलं.

"मी बोलून काय व्हतंय? बापाचं कोन खरं मानतंय? तुमी त्यातलं जानकार. वर चढला, डोळ्यानं बगितलं. म्हनून तर मी इचारलं, मधी बी हायेत का. आता हे भाऊ सांगत्याल, म्हनून गप बसून ऱ्हायलो."

चहा आला. तो मी कसा प्यायलो मला माहीत नाही. निघताना नाना फाटकापर्यंत आले, "येत जावा, पावणं," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गावाबाहेर थांबून अमोलला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे खराब केली तुम्ही, आणि नीट करायला आलो तेही तुमच्याकडेच." फोन ठेवला. त्याच दिवशी त्याने दुकानाच्या नावाखाली इंटरनेटवर सगळी हकिगत लिहिली. एक शब्द खोटा नव्हता. मी ती काढायला सांगितली नाही. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक निम्मं झालं.

गाडी अजून पुण्यालाच आहे. अमोल गावी येतो, घेऊन येतो, अंगणात लावतो. आता हात लावू नका असं तो म्हणत नाही. उलट एकदा म्हणाला म्हणे, नाना, पुसा की. नाना म्हणाले, ऱ्हाऊ दे, ट्रॅक्टर पुसायचा ऱ्हायलाय. हे मला बोरीच्याच एका गिऱ्हाईकाने सांगितलं. क्लिअर कोटसारखंच असतं हे, एकदा घासून गेलं की परत येत नाही.

माझ्या हाताखाली कुणी शिकायला आला तर मी त्याला मशिन शिकवायच्या आधी एक गोष्ट सांगतो. स्टुलावर चढून जे दिसेल ते वरूनच मोठ्याने सांगायचं. खाली उतरेपर्यंत थांबलं की माणूस विचार करायला लागतो.