लाल बटण आणि अमेरिका

माझ्या मेहुण्याचा पार्क अमेरिकेने बुडवलेला नाही. तो मी बुडवला.

इंदूरच्या निम्म्या मराठी घरांत वसंताची कहाणी तोंडपाठ आहे: तिकडे अमेरिकेने टॅरिफ वाढवलं आणि इकडे बेटम्याच्या रस्त्यावर त्याचा आकाशपाळणा अडकला! मल्हारगंजच्या किराणावाल्यानेही ती मलाच ऐकवली आणि मी मान हलवून ‘अरेरे’ म्हणालो. गेले सात महिने मी ‘अरेरे’ म्हणतोय. वय त्र्याहत्तर झालं. हे ‘अरेरे’ पोटात घेऊन वर जायची माझी इच्छा नाही.

वसंता म्हणजे माझ्या बायकोचा, मालतीचा, धाकटा भाऊ. त्याच्या पार्कात एक पाण्याचा तलाव, एक भुताची गुहा, मान हलवणारा एक डायनासोर (हल्ली फक्त नकारार्थी हलवतो) आणि एक आकाशपाळणा. सगळं चालायचं ते पिथमपूरच्या कारखान्यांच्या पिकनिकवर. बसगाड्या भरभरून कामगार यायचे. टॅरिफची बातमी आली आणि कारखानदारांनी हात आखडला. माल अमेरिकेला जाणार की गोदामात पडून राहणार, कुणालाच कळेना. वसंताने फोन करावा, तर सगळीकडून एकच उत्तर, “भिया, अभी रुक जाओ, देखते हैं.” शाळा म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. चीनमधून पाळण्याचं बेअरिंग मागवून देणारा व्यापारी सकाळी एक भाव सांगायचा, संध्याकाळी दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलणंच सोडलं.

शेवटी वसंताने निम्मी माणसं सुट्टीवर पाठवली आणि त्यांच्या जागी घरची भरती केली! त्याची बायको सुधा तिकीट खिडकीवर. मालती गुहेत, भूत म्हणून. (चाचणी घ्यावी लागली नाही.) आणि मी पाळण्यावर. दोनच बटणं. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. चौतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नव्हती.

अशात एक आशा उगवली. टॉवेल बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे दुबेजी रविवारी बायकोला घेऊन पार्क बघायला येणार होते. पसंत पडला तर अख्ख्या कारखान्याची पिकनिक आमच्याकडे! म्हणजे वसंताचा हंगाम तरला आणि सुट्टीवरची माणसं परत आली. नाही पडला, तर दिवाळीनंतर कुलूप.

रविवारी सकाळी वसंताने मला कोपऱ्यात घेतलं.

“जिजाजी, हात जोडतो. आज कुछ बोलना मत.”

“मी काय बोलणार?”

“तेच! माझ्या साखरपुड्यात तुम्ही ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिलात, तेव्हा पोहे गार झाले होते. सोयाबीनचे भाव सांगत होतात तुम्ही! आज फक्त बटण.”

मी दुखावलो, पण कबूल झालो.

दुबेजी आले. गंभीर चेहरा, हातात डायरी. सुधाने त्यांना भुट्ट्याचा कीस खिलवला, चेहरा थोडा सैल झाला. गुहेत मालती केस मोकळे सोडून किंचाळत अंगावर धावली. मिसेस दुबे दचकून खाली बसल्या. ताबडतोब भूतच घाबरलं आणि म्हणालं, “अगं बाई! लागलं का? पाणी आणू? जेवून जायचं हं!” दुबेजी पोट धरून हसत बाहेर आले.

“वसंतजी, यहाँ तो घर जैसा लगता है!”

वसंताने लांबून मला अंगठा वर करून दाखवला. आता फक्त पाळण्याच्या दोन फेऱ्या, मग चहा, मग होकार!

मी दोघांना नीट बसवलं, दांडी लावली, हिरवं बटण दाबलं. तोंड गच्च बंद. पहिल्या फेरीत खाली येता येता दुबेजींनी विचारलं, “सरजी, सुना है आप इकॉनॉमिक्स पढ़ाते थे?”

मी मान हलवली. ते वर गेले. पुन्हा खाली आले.

“तो ये टैरिफ का मामला कहाँ तक जाएगा?”

आता मला सांगा! चौतीस वर्षांत माझ्या वर्गात कुणीही आपण होऊन प्रश्न विचारला नव्हता. (एकाने विचारला होता, पण तो ‘सर, जाऊ का?’ असा होता.) मी म्हणालो, “देखिए, इसके तीन पहलू हैं,” तोवर दुबेजी वर निघून गेले. पुढच्या फेरीत पहिला पहलू निम्मा झाला आणि पुन्हा गेले! अशाने विषयाला न्याय कसा मिळणार? मी लाल बटण दाबलं.

पाळणा दाबल्या क्षणी थांबत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुबे दांपत्य थेट टोकावर जाऊन थांबलं. मी लगेच हिरवं दाबणार होतो, देवाशपथ! पण शेजारीच हरवलेल्या मुलांची नावं पुकारायचा भोंगा होता. आणि वर बसलेला श्रोता उठून जाऊ शकत नव्हता. असा वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

मी भोंगा उचलला.

पहिला पहलू, दुसरा पहलू. वरून मिसेस दुबे ओरडल्या, “भाईसाब, उतारो हमको!”

“प्रश्न आखिर में!” मी म्हणालो.

तिसऱ्या पहलूत मी उत्पन्नाची खात्री नसताना माणूस कसा वागतो ते समजावलं. पोरांची फी तो भरतो, किराणा भरतो, जे टाळता येतं ते टाळतो. उदाहरणार्थ, पिकनिक. हे वाक्य मी भोंग्यातून दोनदा म्हणालो, कारण महत्त्वाचे मुद्दे मी नेहमी दोनदा सांगतो.

तास कधी संपवायचा हे मला घंटेवरून कळायचं. पार्कात घंटा नव्हती. चहाची व्यवस्था बघायला गेलेला वसंता पाऊण तासाने धापा टाकत आला.

“जिजाजी! अटक गया क्या?”

मी वर पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, “हो. अटकला.”

“बेअरिंग!” वसंताने कपाळावर हात मारला. “म्हटलं होतं ना? टॅरिफच्या भानगडीत पार्ट आलाच नाही!”

माणसं जमली. मिस्त्री तेलाची बुधली घेऊन खांबावर चढला. त्याने दोन थेंब सोडले, त्याच क्षणी मी पाठीमागे हात नेऊन हिरवं बटण दाबलं. पाळणा फिरला! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिस्त्रीने पाळण्याला नमस्कार केला. (तो आज त्या भागातला सर्वांत नावाजलेला मिस्त्री आहे. हेही माझ्याच खात्यावर.)

दुबेजी उतरले. वसंता कंबरेत वाकला, “माफ करना दुबेजी, पार्ट की प्रॉब्लम है...”

“अरे, झूला छोड़िए!” दुबेजींचे डोळे चमकत होते. डायरीची चार पानं भरली होती. “सरजी ने आँखें खोल दीं. ऐसे टाइम पे पिकनिक? पागलपन है! मैं मालिक को आज ही बोलता हूँ.”

आणि माझ्या पाया पडून निघून गेले. माझं शिकवणं कुणीतरी आचरणात आणल्याची ही पहिलीच वेळ.

मिसेस दुबे माझ्या पाया पडल्या नाहीत.

दिवाळीनंतर पार्क बंद झाला. आता वसंता तिथली हिरवळ लग्नांना भाड्याने देतो. पाळणा उभा आहे, नवरानवरीचे फोटो काढायला.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं. बटण, भोंगा, तिन्ही पहलू. मग उठून त्याने दार लावून घेतलं.

“जिजाजी, ये बात किसी को बोलना मत.”

“अरे, पण तुझ्यावर अन्याय...”

“कसला अन्याय? दुबेजी काय म्हणाले ते मी तिथेच ऐकलं होतं. अमेरिकेने बुडवलं म्हटलं की लोक बसवून चहा पाजतात, लग्नाचं बुकिंग देतात. जिजाजीने भाषण देऊन बुडवलं म्हटलं तर हसतील हो! ताईची शपथ घ्या, एक शब्द बोलणार नाही!”

मी मालतीची शपथ घेतली. एक शब्द बोलणार नाही म्हणालो, आणि घरी येऊन हे साडेआठशे लिहिले.