एका ताटातले रोट

“जे शे ते शे, गुरुजी. पुढलं बोला.”

धरणगावातल्या आमच्या शाळेच्या दारात उभी राहून ती आपल्या अहिराणीत असं ‘जे आहे ते आहे’ म्हणाली, की आपण मुकाट्याने पुढचं बोलायचं. सांत्वनाची तयारी करून आलेल्यांची तिने फार गैरसोय केली.

नवरा एड्सने गेला आणि तोच आजार तिलाही निघाला, हे कापसाच्या जिनिंगमधल्या सोबतिणींना तिनेच सांगून टाकलं. तेव्हा त्यावरचं औषध आमच्या भागात पोचलं नव्हतं. मुलं दोन, तपासणीत दोघंही निरोगी निघाली. थोरली माझ्या चौथीच्या वर्गात.

शाळेत या आजारावर भाषण झालं. ‘भेदभाव करू नका’ असं पाहुण्यांनी दोन तास सांगितलं. शाळेचा चहा मात्र घेतला नाही.

त्याच आठवड्यात पाहिलं, ही पोर घरून पेला आणते आणि भिंतीकडे तोंड करून पाणी पिते. “कोणी चिडवलं का?”

“नाही गुरुजी. आमचं वेगळं असतं.”

आईला हे सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. मुलांना लागण नको म्हणून तिनेच घरात स्वतःचं ताट, पेला, अंथरूण वेगळं केलं होतं. मुलांना जवळही घेत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मजुरी बुडवून ती मला घेऊन जळगावच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर विस्ताराने समजावू लागले.

“साहेब, एक ताटमा जेवनूत ते पोरेस्ले व्हई का? हा का नई, इतलंच सांगा.”

“नाही.”

“पोटशी धरं ते?”

“तरी नाही.”

“मंग दोन वरीस वाया गयात.”

श्रावणात आमच्या खानदेशातली देवी, कानबाई आली. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. बाहेरच्याला त्यातला घासही मिळत नाही. यंदा दिरांचं बोलावणं आलं नाही. तिने आपल्या खोलीतच कानबाई मांडली. “आते आम्हीच तिन्ही भाऊबंद.”

ताट एकच. धाकटा लगेच बसला. थोरली उभीच.

“माय, मी तुन्हा ताटमा?”

“मंग कोन्हा?”

पोरगी बसली. आईने तिला घास भरवला. मग तिने आईला. मी बाहेरचा, नुसता पाहत होतो. त्या नियमात बसणाऱ्यांचा एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता.

पुढच्या श्रावणात ती नव्हती. यावलला मामाकडे जाण्याआधी थोरली शाळेत आली आणि आईचा पेला तिने वर्गातल्या माठावर ठेवला. “सगळ्यांसाठी.”

मी हात पुढे केला. तो मध्येच थबकला, हे लपवत नाही. तिनेही ते पाहिलं.

“जे शे ते शे, गुरुजी,” ती म्हणाली. “पाणी प्या.”