नापास करणारी परीक्षा

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजार या गावात आमचं मेडिकल आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात काउंटरमागं बसून मी चाळिशीनंतर स्पॅनिश शिकले. स्पेनमधल्या एक निवृत्त शिक्षिका मोबाईलवर शिकवायच्या. काहून शिकून राहिली, असं जो तो विचारी. आवडतं म्हणून, हे उत्तर कुणाला पटत नसे. तीन वर्षांनी मलाच वाटलं, आपल्याला खरंच येतं का, हे कुण्या परक्यानं सांगावं. परीक्षा द्यायचं ठरवलं.

त्याच सुमारास हिंगोलीत एका क्लासच्या संचालकाचं मोफत मार्गदर्शन होतं. गेले. भर उन्हाळ्यात कोट घातलेला हा माणूस सहा महिन्यांत आंतरराष्ट्रीय डिप्लोमा देणार होता. शिकवणार तोच, परीक्षा घेणार तोच, सही त्याचीच. मी उभी राहून स्पॅनिशमध्ये विचारलं, "परीक्षेत बोलावं लागतं का?"

तो गोड हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी प्रश्न घेतलेच नाहीत, प्रवेश घेतले. त्याची मला किळस आलीच, पण समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींची जास्त आली. त्याच्या तोंडून स्पॅनिशचं एक वाक्य ऐकावं, असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "मंग घे की तोच डिप्लोमा. हिंगोलीतच भेटून राहिला."

"गोळ्यांच्या पुड्या बांधायला बरा आहे," मी म्हटलं.

खऱ्या परीक्षा दोन निघाल्या. एक संगणकावरची. तिच्यात नुसते गुण मिळतात आणि काही वर्षांनी प्रमाणपत्र बाद होतं. दुसरीत पातळी आपण निवडायची, पास किंवा नापास, पण प्रमाणपत्र जन्मभराचं. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, संगणकावरचीच द्या. तिच्यात कुणी नापास होत नाही. आणि दुसरी दिलीच तर एकदम वरची पातळी घ्या, सांगायला बरं." जिच्यात नापास होता येत नाही ती कसली परीक्षा? आणि सांगायचं कुणाला, त्या टाळ्यावाल्यांना?

शिक्षिकाबाईंनी एवढंच विचारलं, "नोकरीसाठी हवंय?"

"नाही."

"मग माणसासमोर बसून बोलायचं असेल ती दे. आणि आज जेवढं येतं तेवढीच पातळी घे."

मी खालून दुसरी पातळी घेतली. पुतण्या हिरमुसला.

परीक्षा पुण्यात झाली. समोरच्या परीक्षक बाईंनी गावाकडचं विचारलं. मी सिद्धेश्वर धरणाच्या मासळीबद्दल सांगायला लागले आणि कालवणाला शब्दच सापडेना. बाईंनी सुचवला नाही, घाईही केली नाही, नुसती वाट पाहिली. मग मी कांदा, खोबरं, तिखट, पाणी असं करत कालवण चुलीवर चढवूनच दाखवलं. या सगळ्या प्रकरणात शिक्षिकाबाईंनंतर मला मान द्यावासा वाटला तो या परीक्षक बाईंनाच.

पास झाले. लेखनात जेमतेम, बोलण्यात चांगली. बातमी कशी कोण जाणे, संचालकापर्यंत गेली. त्याचा फोन आला.

"मॅडम, आमच्या बॅनरवर तुमचा फोटो टाकतो."

"मी तुमच्याकडं शिकले नाही."

"लोकांना काय कळतंय, मॅडम."

तेवढं मात्र तो खरं बोलला. फोटो टाकलात तर हिंगोलीत येऊन सगळ्यांसमोर तुमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलेन, असं सांगून मी फोन ठेवला. बॅनर लागलं, त्यावर दुसऱ्याच कुणा बाईचा फोटो होता.

नवऱ्यानं माझं प्रमाणपत्र दुकानात औषध परवान्याशेजारी लावलंय. गिऱ्हाईक प्रमाणपत्राकडं बघतं, मान डोलावतं आणि खोकल्याचं औषध मागतं.