ऑइल पिणारा ट्रॅक्टर

आजही ऑइल उतरलं होतं. हौसेरावांनी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. ओल खालच्या खुणेच्याही खाली. इंजिनाखाली वाकून पाहिलं, तर जमिनीवर थेंबसुद्धा नाही.

"कुठं घालतोस रं एवढं?" त्यांनी ट्रॅक्टरलाच विचारलं आणि कॅन उचलला.

खांदेश्वरच्या पुलाच्या उतारावर हा ट्रॅक्टर आणि त्याचा पाण्याचा टँकर उभा असे. हौसेराव आणि थोरला भाऊ, दोघांनी मिळून तो साताऱ्याकडून आणला होता, सीवूड्सच्या रस्त्यांवरच्या दुभाजकातल्या झाडांना पाणी घालण्यासाठी. भाऊ वारला आणि त्याचा अर्धा वाटा पुतण्याकडे, यशराजकडे आला. यशराज मॉलमध्ये नोकरीला. त्याला ट्रॅक्टर विकायचा होता. हौसेरावांना चालवायचा होता. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि यायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

"तात्या, इंजिन संपलंय हे. अ‍ॅक्सेप्ट करा ना," यशराज म्हणे.

"जुनं इंजिन थोडं पितंच."

"थोडं म्हणजे किती?"

इथं हौसेराव अडायचे. जुईनगरचा गॅरेजवाला प्रितम म्हणे, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. टपरीवरचे म्हणत, आमच्या गावचा याच्याहून जास्त पितो. हौसेरावांची बायको शकुबाई एकदा वैतागून म्हणाली, "माणसानं किती प्यावं ते सांगाया सगळी गल्ली गोळा हुती. ह्याचं सांगाया कुनी न्हाई."

रोज सकाळी ते वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरत आणि रोज दुपारी निळा धूर निघे. दुभाजकातल्या कण्हेरीवर तो रेंगाळायचा, बाजूचे स्कूटरवाले नाकाला रुमाल लावायचे. जेवढं भरावं तेवढा धूर वाढतोय, असं त्यांना अधूनमधून वाटे. पण उपाशी इंजिन चालवायचं कसं?

रविवारी यशराजनं गिऱ्हाईक आणलं. उरणकडचा कान्हा, रेतीमातीच्या धंद्यातला. ट्रॅक्टर स्टेशनजवळच्या सपाट मैदानात नेला. इंजिन बंद करून कान्हा जरा थांबला, बिडी ओढली, मग पट्टी काढली. पट्टी वरच्या खुणेच्या कितीतरी वरपर्यंत माखलेली.

"काका, यो काय परकार हाय? कवरा तेल वतलाय यान?" त्यानं पट्टी हौसेरावांच्या तोंडापुढं धरली. "खराब इंजिनाचा आवाज दाबाला वतता काय? आमी काय येरे हाव?"

"लबाड न्हाई मी!" हौसेरावांचा आवाज फाटला. "सकाळी कमी हुतं, म्हनून घातलं!"

कान्हा हसला आणि आपली गाडी वळवून निघून गेला. यशराज रागानं लाल. "तात्या, मला सांगायचं तरी ना, चीटिंग करताय ते."

हौसेराव पट्टी हातात धरून तिथंच उभे राहिले. सकाळी कमी, आता जास्त. मधे कुणी ओतलं? मग त्यांना उतार आठवला. बॅटरी बसलेली, म्हणून ट्रॅक्टर रात्री उतारावर तोंड खाली करून लावायचा आणि सकाळी गडगडत सोडून गिअरमध्ये चालू करायचा. विकायचाच आहे तर नवी बॅटरी कशाला, असं यशराजचं म्हणणं. तोंड खाली, म्हणजे सगळं ऑइल पुढं. पट्टी मागच्या बाजूला. तिला कमीच लागणार. आणि आपण रोज वरून ओततोय, इंजिन ते जास्तीचं जाळतंय, धूर करतंय.

कुणाला शिव्या द्याव्यात तेच त्यांना कळेना.

जास्तीचं ऑइल त्यांनी काढून टाकलं. आता सपाटीवर मोजायचं, तर इंजिन सपाटीवर बंद करायला हवं. आणि बंद केलं की चालू होत नाही. मग रोज सकाळी तिथल्या भाजीवाल्यांना विनवायचं आणि रिकाम्या टँकरसकट ट्रॅक्टरला धक्का मारून घ्यायचा. "हौसेराव, ट्रॅक्टरला बैल लावा!" असं ऐकत ते मुकाट्यानं सीटवर चढायचे. पण आठवडाभर एकदाही कॅन उचलावा लागला नाही. ओल दोन खुणांच्या मधेच राहिली, रोज अगदी किंचित खाली सरकत. धूर पातळ झाला.

प्रितमनं इंजिनावर कान ठेवला, धूर पाहिला. "एवढं पिणं या वयाला चालतं. उघडू नका."

संध्याकाळी जेवताना हौसेरावांनी यशराजला ते सांगितलं. सांगताना त्यांना आतून भरून आलं होतं. यशराजनं मोबाईलवरून मान वर केली.

"मग बेस्टच ना तात्या! आता चांगला भाव येईल."

हौसेरावांनी हातातला घास ताटात ठेवला. शकुबाई भाकरी थापायची थांबली.

"अर्धा तुजा हाय न्हवं?" ते म्हणाले. "कुठला ते सांग. म्होरला का मागला? उद्या खोलून दारात ठेवतो. माजा अर्धा इकायचा न्हाई."

"असं कसं होईल तात्या, अर्धा ट्रॅक्टर कोण घेणार?"

"तेच मी म्हनतोय," हौसेराव म्हणाले आणि हात धुवायला उठले.