एकाच हँडलवर दोन गडी

शुक्रवारी सकाळी तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या मळ्यात मी डिझेल इंजिनच्या हँडलला हात लावला… आणि माझा दीर हसला.

डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून चार दिवस झाले होते, विजेची मोटर बंद. कळीवर आलेला झेंडू माना टाकत होता. त्या दिवशी पाणी मिळालं नसतं, तर यंदाची फुलं गेलीच होती.

विहिरीवरचं जुनं इंजिन आमच्या घरात दीर आणि नवरा मिळून सुरू करतात. एकाच हँडलवर दोघं लोंबकळतात, शिव्या देतात. नवरा अकोल्याला गेलेला.

"वयनी, राहू द्या. हे बायायचं काम नाही. हँडल उलटं आलं तं हात मोडन."

हँडल उलटं का येतं, ते मला माहेरी मूर्तिजापूरला वडिलांनी दाखवलं होतं. पिस्टन वर जाताना हवा दाबली जाते, आणि ती माणसाला परत ढकलते. म्हणूनच इंजिनच्या डोक्यावर एक छोटं लिव्हर असतं… ते उचललं की व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, हवा निसटते, चाक हलकं फिरतं.

आमच्याकडे ते तारेनं बांधून टाकलेलं.

"ते लेचापेच्यायसाठी असते," दीर म्हणाला. "बाबानं कधी हात नाही लावला त्याले."

मी तार सोडली, पदर खोचला. डाव्या हाताने लिव्हर वर, उजव्या हातात हँडल. आधी सावकाश… मग जोरात. जड चाकाने वेग धरला तसं लिव्हर सोडलं. त्या वेगानेच पिस्टन दाबातून पार गेला. काळा भपका… आणि इंजिन धडधडू लागलं.

"हे तं चलाखी झाली, वयनी."

हो. चलाखीच.

सासूबाई बांधावर उभ्या होत्या. या इंजिनसाठी त्यांनी वर्षानुवर्षं डोक्यावरून डिझेल आणलं, पण त्यांना हँडलला हात कुणी लावू दिला नाही. पाणी सरीत शिरलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "उद्या मले दाखवजो."

दुसऱ्या दिवशी मी दाखवलं, आणि आज त्यांनी एकटीने हँडल धरलं. दीर ओरडला, "माय, पडशीन!"

"पडीन तं उठीन. तू बाजूले हो."

इंजिन त्यांच्या हातानेच सुरू झालं. झेंडू तगला आहे. आमच्या घरात इंजिन सुरू करायला आता एकच माणूस लागतं… कुठलंही.