पत्त्याच्या रकान्यातलं ‘राहू’

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो केंदूरच्या शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाईंचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म बाईंनी स्वतः भरून घेतला, वडिलांची सही घ्यायला आमच्या वस्तीवर चालत आल्या. आज शिरूर तालुक्यातल्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका ग्रामपंचायतीत मी लिपिक आहे, तो त्यांच्यामुळे.

गेल्या वर्षी एके सकाळी हवालदार एक कागद घेऊन आले. विषय नेहमीचाच : ‘बेवारस प्रेताची विल्हेवाट लावणेबाबत’. चौकातल्या स्टॉपवर पडलेला एक म्हातारा दवाखान्यात वारला होता. ओळख पटली नव्हती. असं प्रेत ग्रामपंचायतीनं पुरायचं असतं. जाळत नाहीत, पुढेमागे कुणी आलं तर काढता यावं म्हणून.

“सही करा की, साहेब,” हवालदार म्हणाले. “मढ्याला घाई न्हाई, पण मला हाय.”

त्यांची ती घाईच मला खटकली. मी दवाखान्याचा जोडलेला कागद वाचायला घेतला. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘कोठे राहता असे विचारले असता “राहू” एवढेच म्हणतो. येथेच राहण्याचा हट्ट.’

माझी आत्या राहूला दिलीय. नदी ओलांडली की दौंड तालुका, तिथलं गाव. म्हातारा हट्ट करत नव्हता, पत्ता सांगत होता.

“हवालदारसाहेब, राहू गाव हाय.”

“आता म्हातारं खेळवतंय व्हय आपल्याला?” ते हसले, पण खुर्ची ओढून बसले.

मी राहूला एका ओळखीच्याला फोन लावला. कागदावरच्या खुणा सांगितल्या : उजव्या हातावर मारुती गोंदलेला, एका डोळ्यात फूल पडलेला म्हातारा कुणी हरवलाय का? त्यानं एका घरचा नंबर दिला, तिथं पुन्हा तेच विचारलं. मग, “तुम्ही कोन?” आणि, “थांबा, करतो फोन.” फोन आला नाही. हरवलेल्या माणसाची बातमी ऐकून आधी सांगणाऱ्याची चौकशी कोण करतं? मला हवालदारांचा संशय होता, आता राहूचा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याचा पुतण्या आला, सोबत म्हाताऱ्याची बहीण.

“लई हुडकलं, साहेब.”

“पोलिसांत तक्रार?”

“पावन्यारावळ्यांत आसतील, वाटलं.”

बहीण त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मला तर म्हनला, दादा वढूला दर्शनाला गेल्यात. मी म्हनलं, डोळ्यानं दिसंना त्याला, एकला कसा गेला?”

पुतण्या बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला. बहिणीनं दवाखान्यात भावाचा हात ओळखला. पंचनाम्यावर नाव लिहिलं गेलं आणि ‘बेवारस’ हा शब्द हवालदारांनीच खोडला. त्याच संध्याकाळी राहूत म्हाताऱ्याला अग्नी दिला.

त्या आठवड्यात बाईंना हे पत्र पाठवलं :

आदरणीय बाई, सादर नमस्कार.

राहूच्या म्हाताऱ्याची सगळी हकीकत तुम्हाला फोनवर सांगितलीच आहे. तुम्ही शाबास म्हणालात. ती शाबासकी मला घेववत नाही. म्हातारा स्टॉपवर कसा आला, हे पुतण्यानं सांगितलं नाही. हवालदारांनी त्याचा जबाब घेतलाय, पण तो खरं बोलला असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट फोनवर बोललो नाही. याआधी असे तीन कागद माझ्याकडे आले होते. तिन्हींवर मी जोडपत्र न वाचता सही केली. आता ते काढून वाचलेत. एका म्हातारीच्या पत्त्यापुढे ‘माहेरी’ असं लिहिलंय. कोणतं माहेर, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. मीही विचारलं नव्हतं. तिला पुरलंय ती जागा मला माहीत आहे. सोमवारी हवालदारांकडे जाऊन तो कागद पुन्हा उघडायला सांगणार आहे. ते चिडतील. सही माझी आहे, हे मी आधीच सांगेन.

तुमचा विद्यार्थी